हात पिठात आणि डोक्यात वाक्य, तुम्ही काय करता?

टिपणवही

बरेच दिवस विचारायचं होतं. आज मुलं लवकर झोपलीयेत, भांडी अजून व्हायचीयेत, तेवढ्यात लिहून टाकते.

मी लिहिते. घरातलं, मुलांचं, ओट्यापाशी उभं असताना डोक्यात जे चालू असतं ते. आठवड्याला एक लेख पुरा करायचा असं मी स्वतःशी ठरवलंय आणि गेली तीन वर्षं ते बऱ्यापैकी पाळलंय. घरात लेक नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, नवरा आणि सासूबाई. स्वयंपाक बहुतेक वेळा मीच करते आणि मला तो मनापासून आवडतो, त्यामुळे कुणीतरी मदतीला ठेव हा सल्ला प्लीज नको.

अडचण ही की टेबलाशी बसलं की चांगलं वाक्य येतच नाही. ते येतं मनगटापर्यंत हात पिठात असताना, नाहीतर कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी वाहत असताना. हात धुवून, पुसून, वही शोधून पेन उघडेपर्यंत ते गेलेलं असतं. काल मुलगा ओट्याखाली बसून कुठलं झाकण कुठल्या भांड्याला बसतं ते लावून बघत होता, त्याच्याकडे बघता बघता मला एक वाक्य सुचलं, अगदी शेवटासकट, आणि तेवढ्यात आतून हाक आली, "आई, माझा दुसरा मोजा कुठाय?" मोजा सापडला, वाक्य अजून सापडलेलं नाही. रात्री त्याच जागी जाऊन उभी राहिले, झाकणं खाली मांडली, तरी नाही आलं.

तुम्ही ते वाक्य कसं धरून ठेवता? अगदी साधे, घरगुती उपाय सांगा.

उगवती

फोनवर बोलून ठेवते मी. फक्त त्याच दिवशी ऐकायचं, दोन दिवसांनी ऐकलं तर मागे कुकरच्या शिट्ट्या आणि तेलात काहीतरी तडतडतंय एवढंच कळतं. बोलून टाइप करायची सोयही वापरून बघितली पण तिला पूर्णविराम कुठे द्यायचा कळत नाही, सगळं एकाच दमात येतं.

रेघोट्या

ओट्यामागच्या टाइल्सवर लिही. काचेवर लिहायचा मार्कर मिळतो, ओल्या फडक्यानं पुसला जातो. आधी टाइलच्या कोपऱ्यात एक रेघ ओढून पुसून बघ, सांध्यातल्या सिमेंटला लागला तर डाग राहतो. माझ्याकडे गॅसच्या डाव्या हाताला चार टाइल्स 'माझ्या' आहेत, बाकी मुलांच्या, त्यांनाही लिहायचं असतंच.

शिट्टीतीन

मला वाटतं एवढी धडपड करूच नये. चांगलं असेल ते वाक्य परत येतं. जे गेलं ते जाण्यासारखंच होतं.

टिपणवही

@शिट्टीतीन, हे मला खूप जणांनी सांगितलंय आणि मला ते पटत नाही हो. परत येतं तो विचार. वाक्य नाही येत. कालचा विचार माझ्याकडे अजूनही आहे, तुम्हाला आत्ता सांगू शकते, पण ज्या शब्दांत आला होता ते शब्द गेले, आणि मला हवे होते ते शब्दच.

@रेघोट्या, टाइल्सची कल्पना फार आवडली, उद्याच आणते मार्कर.

मनोव्यापार

मानसशास्त्र शिकवतो म्हणून थोडं लांबण लावतो.

डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. जॉर्ज मिलरचा १९५६ चा प्रसिद्ध लेख सात गोष्टी, दोन कमी दोन जास्त, असं म्हणतो, नंतरच्या संशोधनात तर आकडा चारच्या आसपास आला. पण वाक्याच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचं काम बॅडली आणि हिच यांचं, १९७४ पासूनचं. शब्द आपण मनातल्या मनात एका छोट्या आवाजी फितीवर धरतो असं समजा. ही फीत साधारण दोन सेकंदांत पुसट होते, म्हणून ते परत परत घोकावं लागतं. घोकणं चालू आहे तोवर वाक्य जिवंत.

आता त्या मोज्याच्या हाकेबद्दल. घोकत असताना दुसऱ्या कुणाचं बोलणं कानावर पडलं की ते थेट त्याच फितीवर जाऊन बसतं, आपण लक्ष दिलं नाही तरी. एकसुरी घरघरीचा तेवढा त्रास होत नाही, बोलण्याचा होतो. म्हणून मिक्सर चालू असताना वाक्य टिकतं आणि "आई" म्हटलं की जातं. यात तुमचं विसराळूपण कुठेही नाही.

उपाय म्हणाल तर सगळं वाक्य घोकू नका. त्यातले दोन शब्द पकडा, जे बाकीच्यांना ओढून आणतील, आणि ते मोठ्यानं म्हणा.

दोनजुळे

मिक्सरमध्ये टिकतं आणि "आई" म्हटलं की जातं, हे वाचून मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. इतकी वर्षं मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे.

भटक्याबाबा

आमच्याकडे लिहिणारी बायको आणि लिहून घेणारा मी. तिचे हात अडकलेले असले की ती नुसतं "लिही" म्हणते आणि मी हातात येईल त्यावर लिहितो, मुलीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावरही लिहिलंय, बाईंनी त्याखाली बरोबरची खूणसुद्धा केली होती. एकदा ती म्हणाली "ओलसर उजेड" आणि मी ऐकलं "ओळखीचा उजेड". तिनं वाचलं, थोडा वेळ गप्प बसली आणि तसंच ठेवलं. त्या कवितेत माझा तेवढा एक शब्द आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

खिडकीपाशी

हा धागा वाचता वाचता माझं दूध उतू गेलं. खरंच. आत्ता. पुसून आले.

निळीशाई

@खिडकीपाशी, पातेल्याच्या तळाशी एक छोटी बशी उपडी ठेवायची दुधात. दूध तापलं की वर प्रथिनं आणि स्निग्धांशाची साय धरते, खालून आलेली वाफ तिच्याखाली अडकते आणि सगळं एकदम वर येतं. उपड्या बशीखाली वाफ जमून मोठ्या बुडबुड्यांनी सुटते, त्यामुळे फेस एकदम चढत नाही आणि मुख्य म्हणजे बशी खडखडायला लागते. पुस्तकातून मान वर काढायला तेवढं पुरतं. पातेल्यावर आडवा लाकडी चमचा ठेवतात तो थोडा वेळच तारतो, गॅस मोठा असेल तर चमच्यावरून जातं.

खिडकीपाशी

बशी खडखडते हे बेस्ट आहे. करते.

शिट्टीतीन

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून परत लिहितो. माझी आई रोज रात्री हिशोबाच्या वहीत चार ओळी लिहायची, आज काय रांधलं, कोण आलं, कोण रुसलं. तिनं कधी काही धरून ठेवायची धडपड केली नाही, रात्री जे उरेल ते लिहायची. ती गेल्यावर आम्ही भावंडांनी त्या सगळ्या वह्या वाचल्या. एका ठिकाणी फक्त "आज धाकट्यानं मागून वाढून घेतलं" एवढंच आहे. तो धाकटा मी. तेव्हा मी तापातून उठलो होतो. म्हणून मी म्हणालो की उरेल ते पुरतं. पण टिपणवही म्हणतायत ते वेगळं आहे हे आता लक्षात आलं.

टिपणवही

@शिट्टीतीन, हे वाचून काही सुचेना मला. त्या वह्या जपून ठेवा.

सकाळचेपाच

मी पहाटे पाचला उठून लिहिते. घर झोपलेलं असतं, कुणी हाक मारत नाही. टोनी मॉरिसन दोन मुलांना एकटीनं वाढवत होत्या, प्रकाशन संस्थेत संपादकाची नोकरी करत होत्या आणि उजाडायच्या आत लिहायच्या. पहिली कादंबरी १९७० साली आली, १९९३ मध्ये नोबेल. वेळ मिळत नसतो, काढावा लागतो.

झोपहवी

@सकाळचेपाच, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हा सल्ला ऐकून ऐकून मी थकले आहे. माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, रात्रीतून तीनदा उठतं. पहाटे पाच ही माझी झोपेची एकमेव सलग वेळ आहे. मॉरिसनबाईंनी केलं ते थोरच आहे पण त्याचा अर्थ प्रत्येकीनं करावं असा होतो का? झोप मोडून लिहिलेलं मी दुसऱ्या दिवशी वाचलं आणि सगळं खोडलं. शिवाय त्या नादात आदल्या रात्रीचा भात ओट्यावरच राहिला.

सकाळचेपाच

@झोपहवी, तुमचं बरोबर आहे. माझी मुलं आता मोठी आहेत, बाळ असताना मीही काही लिहिलेलं नाही, ते सांगायला हवं होतं. तुम्ही झोपा.

निळीशाई

@झोपहवी, तो भात टाकून दिलात ना? रात्रभर बाहेर राहिलेला भात परतून, उकळून, कसाही गरम करून खायचा नाही. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांचं एक विष उकळूनही नष्ट होत नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये. विषय सोडून बोलतेय पण हे बोलल्याशिवाय राहवलं नाही.

झोपहवी

टाकला. पण कारण माहीत नव्हतं, नुसतं वास बरा वाटला नाही म्हणून. धन्यवाद.

तिखटमीठ

आपण स्वयंपाकावर लिहितो तेव्हा खरं लिहितो का, असा एक प्रश्न मला या निमित्तानं विचारायचाय. मी पाककृती लिहिते. सगळीकडे वाचा, "कांदा पाच मिनिटं परता, छान तपकिरी झाला की". पाच मिनिटांत कांदा फक्त मऊ आणि पारदर्शक होतो. मंद आचेवर नीट, गोडसर, तपकिरी व्हायला अर्धा पाऊण तास लागतो, आधी त्यातलं पाणी जावं लागतं, त्याशिवाय रंग धरत नाही. आच वाढवली तर कडा करपतात आणि आत कच्चा. नवीन शिकणारी बाई पाच मिनिटं वाचते, तिचा कांदा होत नाही, आणि तिला वाटतं आपल्याला जमत नाही. मी ठरवलंय, घड्याळ लावून करायचं आणि जेवढी मिनिटं लागली तेवढीच लिहायची. त्यामुळे माझ्या पाककृती लांब दिसतात आणि लोक कमी वाचतात, तरी चालेल.

उगवती

@तिखटमीठ, +१०००. मी ती पाच मिनिटं वाचून रडलेली बाई आहे, आणि ते कांद्यामुळे नव्हतं.

टिपणवही

@तिखटमीठ, तुम्ही खरं लिहिण्याबद्दल बोललात म्हणून आता सांगते. मूळ प्रश्न वाक्याचा आहेच, पण त्याच्या मागे अजून एक आहे जो मी पहिल्यांदा लिहायला कचरले.

मागच्या महिन्यात लेकीनं माझा एक लेख वाचला. तिच्याबद्दलचा होता. ती पाच वर्षांची असताना नव्या शाळेत रोज डब्यातलं अर्धं परत आणायची आणि मी चिडायचे, मग कळलं की तिला डब्याचं झाकण उघडता येत नव्हतं आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती. मी खूप प्रेमानं लिहिलं होतं ते, बऱ्याच जणांनी कळवलं की वाचून डोळ्यांत पाणी आलं. लेक वाचून म्हणाली, "हे तू सगळ्यांना का सांगितलंस? मी तुला एकटीला सांगितलं होतं."

तेव्हापासून ओट्यापाशी वाक्य आलं की मी ते धरावं की सोडावं हेच कळत नाही. कदाचित म्हणूनच जास्त हरवतायत.

पानगळ

मी आजवर नुसता वाचक होतो, यासाठी खातं उघडलं.

माझी आई लिहायची. चांगलं लिहायची, लोक तिला पत्रं पाठवायचे. मी मोठा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचो, हे तिनं एका मासिकात लिहिलं. नाव नव्हतं, "माझा मुलगा" होतं, पण तिला मुलगा एकच. वर्गातल्या एका मुलाच्या घरी ते मासिक यायचं. पुढचं वर्ष कसं गेलं ते लिहीत नाही.

आज मी पंचेचाळीशीत आहे. तो लेख अलीकडे परत वाचला. आईनं त्यात स्वतःबद्दल लिहिलंय, रात्री दोनला चादर बदलताना तिला माझा राग यायचा आणि मग त्या रागाची शरम वाटायची, आणि मला पुन्हा झोप लागेपर्यंत ती शेजारी बसून राहायची. हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे त्या लेखानं मला त्रास दिला आणि आईही दिली. ती असताना या विषयावर आम्ही कधी बोललो नाही, तेवढं मात्र व्हायला हवं होतं. तुमची लेक बोलली. हे मोठं आहे.

भटक्याबाबा

@पानगळ, लिहिलंत हे फार बरं झालं.

सकाळचेपाच

माझा नियम सांगते, पटला तर घ्या. मुलांना लाज वाटेल अशी गोष्ट असेल तर ती त्यांची, माझी नाही. मला लाज वाटली असेल तर ती माझी, ती लिहायची. मूल वाचण्याइतकं मोठं झालं की आधी त्याला दाखवायचं, नको म्हणालं तर वही बंद. माझ्याकडे असे सात लेख पडून आहेत. दोन धाकट्यानं वीस वर्षांचा झाल्यावर स्वतःहून सोडवले.

तिखटमीठ

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. घरातलं काहीच बाहेर सांगायचं नाही असं म्हणत गेलो तर आयांनी लिहायचं काय? बायकांचं जगणं घरातच गेलं आणि घरातलं लिहायचं नाही म्हटलं की त्यांचं लिहिणंच बंद. नाव बदला, वय बदला, मुलाची मुलगी करा, पण लिहा.

सकाळचेपाच

@तिखटमीठ, नाव बदलून पानगळ यांच्या वर्गाला कळायचं राहिलं असतं का? माझा मुद्दा तेवढाच.

तिखटमीठ

नसतं राहिलं. मान्य.

ओवीताई

बहिणाबाई चौधरींची आठवण झाली. लिहिता वाचता येत नव्हतं, दळता कांडताना, शेतात काम करताना गाणी म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकानं कानावर पडली तेवढी उतरवून घेतली. त्या १९५१ साली गेल्या, सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. जी कुणी टिपली नाहीत ती गेलीच असणार, त्यामुळे "चांगलं असेल ते टिकतं" हे मलाही पटत नाही. टिकतं ते कुणीतरी टिपलं म्हणून.

आणि त्याच्या उलट बंगालच्या राससुंदरी देवी. १९व्या शतकातल्या, बारा मुलांची आई. बाईनं वाचायचं नाही असा तो काळ. पोथीचं एक पान आणि मोठ्या मुलानं अक्षरं गिरवलेलं एक ताडपत्र स्वयंपाकघरात लपवून ठेवलं आणि दोन्हीकडची अक्षरं जुळवत एकटीच वाचायला शिकल्या. पुढे आत्मचरित्र लिहिलं. दोन्हीकडे मूल मधे आहेच बघा, एकीकडे आईचं उतरवून घेणारं, दुसरीकडे नकळत आईला शिकवणारं.

टिपणवही, तुझी लेक नऊ वर्षांची आहे म्हणालीस. तिला लिहिता येतं.

उगवती

ओवीताई!!

टिपणवही

दहा दिवसांनी येतेय, मुलगा आजारी होता, आता बरा आहे.

ओवीताईंचं वाचून दोन दिवस नुसता विचार केला. मग लेकीशी बोलले. आधी माफी मागितली, तू मला एकटीला सांगितलेलं मी सगळ्यांना सांगितलं, चुकलं माझं. तो लेख काढून टाकू का विचारलं. तिनं एक दिवस मागून घेतला आणि मग म्हणाली राहू दे, पण झाकण निळं होतं, तू लाल लिहिलंयस. मी दुरुस्त केलं.

मग तिला विचारलं, माझे हात भरलेले असले की लिहून घेशील का. तिनं लगेच एक वही ठरवली, पेन दोऱ्यानं बांधला आणि ती ओट्याशेजारच्या खिळ्याला टांगली. परवा पीठ मळताना मला तिच्याबद्दलच एक वाक्य आलं. सांगावं की नाही, मी घुटमळले, तर तीच म्हणाली, "सांग, मी बघते." मी सांगितलं. तिनं लिहिलं, थांबली, परत लिहिलं. हात धुवून वही बघितली तर माझं अर्धंच वाक्य होतं, खाली तिच्या अक्षरात "पुढचं माझं आहे".

पुढचं काय होतं ते मला आठवतंय आणि मी ते लिहिणार नाही. अर्धं वाक्य लेखात तसंच घेतलं. तिला वाचून दाखवलं, तिनं एक स्वल्पविराम काढायला लावला आणि तिचं बरोबर होतं.

रेघोट्या, मार्करपण आणलाय. खालच्या दोन टाइल्स धाकट्याच्या. त्याला अजून अक्षरं येत नाहीत, तो झाकणं काढतो. गोल, गोल, गोल.

पानगळ

वाचलं. बरं वाटलं. निळ्या झाकणाचं फार आवडलं.

मनोव्यापार

दोन सेकंदांच्या फितीला याहून चांगला उपाय माझ्याकडे नाही.

झोपहवी

बाळ आज सलग पाच तास झोपलं, मी उठून चार ओळी लिहिल्या. ठेवल्यात, खोडल्या नाहीत.

खिडकीपाशी

बशी ठेवली, खडखडते, दूध एकदाही उतू गेलं नाही. पण आधीच्या दिवशीचं पातेलं तळाला करपलंय ते निघत नाहीये, कुणाला माहितीये का?

निळीशाई

स्टीलचं असेल तर पाणी घालून त्यात दोन चमचे खायचा सोडा टाक, दहा मिनिटं उकळ, गार होऊ दे, मग लाकडी उलथन्यानं खरवड. ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, काळं पडतं, नुसतं गरम पाणी घालून रात्रभर भिजव.

खिडकीपाशी

स्टीलचं आहे. ठेवते आत्ता उकळायला, आणि या वेळी पातेल्याशेजारीच उभी राहून वाचते.